कोऱ्या पत्राचं उत्तर
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



"तुझ्या सॉफ्टवेअरच्या कामाबद्दल बोल," असं संयोजकांनी सांगितलं होतं. पण गावात आल्यापासून मला एक प्रयोगवही आठवतेय. तिच्याबद्दलच बोलते.

दहावीची पूर्वपरीक्षा जवळ आली होती. बाकावरच्या मैत्रिणीची विज्ञानाची प्रयोगवही मी उतरवून घ्यायला नेली आणि नेमकी वह्या जमा करायच्या दिवशी घरी विसरले. सरांनी तिला विचारलं. तिनं माझ्याकडे पाहिलं. "सर, तिची वही माझ्याकडे आहे," एवढंच मला म्हणायचं होतं. पण घसा कोरडा पडला, पोटात गोळा आला आणि मी मान खाली घालून बसले. ती तासभर वर्गाबाहेर उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मी वही गुपचूप तिच्या दप्तरावर ठेवली आणि जागा बदलून घेतली. बोर्डाची परीक्षा झाली, निरोपसमारंभ झाला, तरी आम्ही बोललो नाही.

हे सगळं गेल्या वर्षी परत वर आलं, माझ्या पंधरा वर्षांच्या मुलीमुळे. मैत्रिणींशी काहीतरी बिनसलं आणि ती व्हॉट्सॲपच्या ग्रुपमधून बाहेर पडली. विचारलं की दार लावून घ्यायची. शाळेच्या दिवशी सकाळी पोट दुखायचं. मी पडले इंजिनिअर. प्रोग्राममधली चूक शोधावी तशी उलटतपासणी केली: आधी कोण बोललं? मग तू काय म्हणालीस? ती आणखीच मिटली. "फार शिष्ट झालीस," असंही मी बोलून गेले.

समुपदेशक बाईंनी समजावलं, की हा माज नाही, धास्ती आहे. या वयात मेंदूचा धोका ओळखणारा भाग फार तल्लख असतो, आणि त्याला आवर घालणारा भाग पंचविशीपर्यंत घडतच असतो. मैत्रिणीनं उत्तर दिलं नाही, हेसुद्धा संकट वाटतं. मग कुणी अंगावर येतं, कुणी तोंड लपवतं, कुणी चूक नसताना माफी मागून मोकळं होतं. टाळलं की क्षणभर बरं वाटतं, म्हणून पुढच्या वेळीही टाळलं जातं आणि भीती वाढत जाते.

आपण पुणतांब्याची माणसं. १ जून २०१७ ला शेतकऱ्यांचा संप इथून सुरू झाला. सरकारशी भांडायला आपण भीत नाही, पण जवळच्या माणसाला "माझं चुकलं" म्हणताना जीभ रेटत नाही.

ज्यांची समाधी आपल्या गावात आहे, त्या चांगदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकली. ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचं, तर वयानं लहान म्हणून 'चिरंजीव' लिहावं की ज्ञानानं मोठे म्हणून 'तीर्थरूप', हे ठरेना. शेवटी कागद कोराच पाठवला. आख्यायिकेप्रमाणे चौदाशे वर्षं जगलेल्या योग्याची ही गत, तर पंधरा वर्षांच्या पोरीचं काय! मुक्ताबाई त्या कोऱ्या कागदावरून बोलल्या खऱ्या, पण ज्ञानेश्वरांनी त्याला पासष्ट ओव्यांचं उत्तर लिहिलं. तीच 'चांगदेव पासष्टी'.

मुलांचं गप्प बसणं, दार लावून घेणं, हे मला आता कोरं पत्र वाटतं. मी मुलीला प्रयोगवहीची गोष्ट सांगितली आणि "चूक कुणाची?" ऐवजी विचारलं, "काय होईल अशी भीती वाटते?" बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "त्या सगळ्या हसतील." मग तिनं एकाच मैत्रिणीला एकच ओळ लिहिली. ती तिची तिनं लिहिली, मी फक्त शेजारी बसले. सगळं पूर्वीसारखं झालं नाही, पण शाळेत जाताना पोट दुखायचं थांबलं.

या मेळाव्याचा ग्रुप झाला तेव्हा त्यात माझ्या त्या मैत्रिणीचं नाव दिसलं. एक ओळ लिहायला मला चार दिवस लागले. तिचा फोन आला. ती म्हणाली, "अगं, मला वाटलं तुलाच माझ्याशी बोलायचं नाही." इतकी वर्षं मी समजत होते, की ती रागावलीय.

ती आज इथं बसली आहे. तेव्हा वर्गासमोर म्हणायचं राहिलं, ते आज सर्वांसमोर म्हणते: सर, तिची वही माझ्याकडे होती.