कोऱ्या रकान्याची नोंद
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



याद्या आणि तक्ते सांभाळणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. त्यातल्या कोऱ्या रकान्याबद्दल आज थोडं बोलतो. विषय कोरडा वाटेल, पण समोर बसलेल्या सरांना आणि बाईंना तो माझ्याहून जास्त ठाऊक आहे. गुणपत्रकात शून्य वेगळं आणि 'गैरहजर' वेगळं. शून्य म्हणजे मुलगा पेपरला बसला, पण काही जमलं नाही. गैरहजर म्हणजे बसलाच नाही. आणि जागा कोरीच राहिली, तर पेपर तपासायचा राहिला की गुण चढवायचे राहिले, हे मागाहून कोणालाच सांगता येत नाही.

'नाही' कसं लिहावं, याचा धडा आपल्या लोणीहून फार लांब नाही. पुण्यात भांडारकर संस्थेत १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं आणि १९६६ साली पुरं झालं. त्यासाठी बाराशेंहून अधिक हस्तलिखितं पाहिली गेली. पद्धत आपल्या हजेरीपटासारखीच. आखलेल्या कागदावर सर्वांत वर प्रचलित पाठाचा श्लोक, खाली प्रत्येक पोथीला एक ओळ. वेगळं अक्षर असेल तर ते त्याच्याच रकान्यात लिहायचं. उजवीकडे शेऱ्यांसाठी जागा.

पोथीत श्लोक नसेल, तर 'नाही' एवढं लिहून भागत नसे. पान गहाळ झालंय, की पान आहे पण लेखकानं श्लोक गाळलाय? गाळला असेल, तर तोच शब्द दोनदा आल्यामुळे नजर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी घसरली का? हे सगळं निरनिराळं नोंदवलं जाई. कारण हरवलेलं पान त्या श्लोकाबद्दल काहीच सांगत नाही. पण निरनिराळ्या प्रांतांतल्या पोथ्यांत पानं शाबूत असून मजकूर नसेल, तर तो मागाहून घातला गेला असावा, असा अंदाज बांधता येतो. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं, ही आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट. डॉ. वि. सी. सुकथनकरांनी संपादित केलेल्या आदिपर्वात ती मूळ संहितेत नाही, परिशिष्टात आहे. 'नाही'ची नोंद इतकी मोलाची असते.

आता आपल्या वर्गाच्या यादीकडे या. काही नावांपुढे पत्ता नाही, फोन नाही. पण ते सगळे 'नाही' एकाच जातीचे नाहीत. कुणाचा शोध घेऊनही पत्ता लागला नाही. कुणाचा लागला, पण 'माझा नंबर छापू नका' असं त्यांनी सांगितलं. कुणी आपल्यात राहिले नाहीत. आणि काहींना आपण विचारलंच नाही. यात मुली जास्त, हे सांगायला हवं. लग्नानंतर आडनाव बदललं, गाव बदललं आणि आपण 'सापडत नाही' म्हणून मोकळे झालो.

म्हणून संपादक मंडळाला एक विनंती. यादीत एकही जागा नुसती कोरी सोडू नका. 'शोधलं, मिळालं नाही', 'छापण्यास नकार', 'दिवंगत', 'अजून विचारलेलं नाही', यांपैकी जे खरं असेल ते लिहा, आणि ते कधी लिहिलं ती तारीखही घाला. मुलींची शाळेतली आडनावं तशीच ठेवा, नवी शेजारी लिहा. पुढचा मेळावा भरवणाऱ्यांना 'अजून विचारलेलं नाही' या शेऱ्यापासून काम सुरू करता येईल. कोऱ्या जागेपुढे मात्र ते थांबतील, आणि आपल्यापैकी कुणीतरी कायमचं यादीबाहेर राहील.