मुक्तिनाथला विमानाने जायचं की जीपने?

(स्नेहमेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला सांगितलं होतं, "तू आयटीवाली, एआयवर दहा मिनिटं बोल." मी नाही म्हटलं. एआयवरचे फॉरवर्ड तुम्ही सकाळ-संध्याकाळ वाचताच, त्यात माझी भर नको. त्यापेक्षा आपल्या ग्रुपवर दोन महिने पेटलेल्या विषयावर बोलते. पन्नाशी गाठायच्या आत सगळ्यांनी मिळून नेपाळला जायचं ठरलं. काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ. पहिल्या आठवड्यात सव्वीस नावं आली. मग कुणीतरी जोमसोमला उतरणाऱ्या छोट्या विमानाचा व्हिडिओ टाकला आणि अकरा जण एकदम गप्प झाले. कुणाच्या मुलीची परीक्षा निघाली, कुणाचा गुडघा दुखायला लागला. एका पठ्ठ्याने तेवढं सरळ लिहिलं, "मी त्या टमटममध्ये बसणार नाही." त्यावर त्याला जे काही ऐकून घ्यावं लागलं, ते मला आवडलं नाही. म्हणून आज हा विषय घेतला.

मी स्वतः विमानाला घाबरणाऱ्यांपैकी आहे. कामासाठी वीस वर्षं विमानाने फिरते आहे, पण उड्डाणाच्या वेळी खुर्चीचा हात अजूनही घट्ट धरते. आणि 2019 च्या ऑक्टोबरमध्ये आईला घेऊन मी पोखऱ्याहून जोमसोमला त्याच 'टमटम'ने गेले आहे. तेव्हा दोन्ही बाजूंनी बोलायचा मला थोडा अधिकार आहे असं समजा.

आधी ते विमान काय आहे ते सांगते. त्याचं नाव ट्विन ऑटर. कॅनडात तयार झालं, 1965 मध्ये पहिल्यांदा उडालं. दोन इंजिनं, दोन पंखे, 19 प्रवासी. आखूड धावपट्टीवर उतरावं आणि तिथूनच उडावं म्हणूनच ते घडवलेलं आहे. मालदीवमध्ये हेच विमान चाकांऐवजी तरंगे लावून दिवसभर समुद्रावर उतरत असतं, आणि त्यातून हनिमूनला गेलेली जोडपी फोटो टाकतात तेव्हा कुणी टमटम म्हणत नाही. काठमांडू ते पोखरा जे विमान जातं ते वेगळं. ते एटीआर, साधारण सत्तर आसनांचं. त्याच जातीचं विमान आपल्याकडे कोल्हापूरसारख्या गावांनाही येतं.

लहान विमान जास्त हलतं, हे खरंच आहे. एकाच खड्ड्यातून एसटीही जाते आणि रिक्षाही जाते, पण कंबर कुणाची मोडते हे आपल्याला शाळेपासून माहीत आहे. वजन कमी, शिवाय उंचीही कमी. मोठं जेट 35,000 फुटांवरून, बहुतेक हवामानाच्या वरून जातं. ट्विन ऑटरमध्ये हवेचा दाब राखण्याची सोय नसते, म्हणून ते खालूनच, डोंगर आणि ढगांच्या सोबतीने जातं. 'एअर पॉकेट' नावाची पोकळी हवेत कुठे नसते. हवेचा झोत वर किंवा खाली जात असतो आणि विमान त्याच्याबरोबर जातं. आपल्याला वाटतं शंभर मजले कोसळलो, प्रत्यक्षात ते बहुतेक वेळा काही फूटच असतं. आपल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेला अंतर मोजता येत नाही, तिला फक्त बदल कळतो. उड्डाणानंतर मिनिटभरात इंजिनाचा आवाज एकदम उतरतो, तेव्हाही पोटात खड्डा पडतो. तिथे काहीही बिघडलेलं नसतं, वैमानिकाने ठरल्याप्रमाणे जोर कमी केलेला असतो. एवढं आधी माहीत असलं तरी निम्मा घाम वाचतो.

पण उरलेल्या निम्म्याचं काय? इथे मला ग्रुपवरच्या धीर देणाऱ्यांशी भांडायचं आहे. "विमानप्रवास हा सगळ्यात सुरक्षित प्रवास आहे, काही होत नाही," असं तुम्ही लिहिलंत. तो आकडा जगभरातल्या मोठ्या जेट विमानांच्या जोरावर उभा आहे. तो उचलून हिमालयातल्या दरीत लावता येत नाही. 2013 मध्ये युरोपीय संघाने नेपाळच्या सगळ्या विमान कंपन्यांना आपल्या हद्दीत उडायला बंदी घातली आणि ती पुढे वर्षानुवर्षं राहिली. ही काही घाबरट माणसाची कल्पना नाही.

29 मे 2022 ला पोखऱ्याहून जोमसोमला निघालेलं ट्विन ऑटर डोंगरावर आदळलं. 22 जण होते, कुणीही वाचलं नाही. त्यात ठाण्याचं चौघांचं एक कुटुंब होतं. ती बातमी आली तेव्हा आई टीव्हीसमोरून उठली नाही. आम्ही गेलो होतो तीच वाट, तेच वीस मिनिटांचं अंतर. चौकशी अहवालात जे आलं ते मला माझ्या धंद्यामुळे फार जवळून कळलं. विमान ढगात शिरलं, वाट चुकली, आणि समोर डोंगर आहे असं ओरडून सांगणारी यंत्रणा त्या वेळी बंद करून ठेवलेली होती. तुम्ही म्हणाल, असं कोण करतं? जिथे दोन्ही बाजूंना कायमच डोंगर असतो, तिथे अशी यंत्रणा सारखीच ओरडायला लागते, आणि सारखं ओरडणाऱ्याचं कुणी ऐकत नाही. आमच्या क्षेत्रात रात्री-बेरात्री सर्व्हरचे अलार्म येतात. दहातले नऊ खोटे निघाले की माणूस दहावाही गप्प करतो. म्हणून अलार्म बनवणाऱ्याचं खरं काम तो कधी वाजवायचा नाही हे ठरवण्याचं असतं.

दुसरा अपघात 15 जानेवारी 2023 चा, पोखऱ्यातच. एटीआर, 72 माणसं, सगळी गेली. पोखऱ्याचा नवा विमानतळ सुरू होऊन जेमतेम दोन आठवडे झाले होते. हवा स्वच्छ होती. अहवाल सांगतो की उतरताना पंखांच्या फ्लॅपचा दांडा ओढायचा होता, त्याऐवजी शेजारचे पंख्यांचे दांडे ओढले गेले. पंख्यांची पाती हवेच्या झोताला समांतर झाली, इंजिनं चालू राहिली पण ओढ संपली. दोन दांडे जवळजवळ, आणि घाईतला हात. 'सेव्ह'च्या शेजारी 'डिलीट'चं बटण ठेवलेला फॉर्म मी पाहिला आहे, पण तिथे फक्त फाईल जाते.

हे सांगून मी सव्वीसातली आणखी पाच नावं कमी केली असं संयोजकांच्या चेहऱ्यावर दिसतंय. थांबा. विमान नको म्हणून जे जीपने जायला निघालेत त्यांच्यासाठीही आहे. 23 ऑगस्ट 2024 ला पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली बस मर्स्यांगदी नदीच्या पात्रात कोसळली. आपल्या जळगाव जिल्ह्यातले भाविक होते, पंचवीसहून अधिक माणसं गेली. पावसाळ्यात तिथल्या रस्त्यांवर दरडी येतात, जोमसोमचा रस्ताही त्यातून सुटत नाही. म्हणजे जमिनीवर पाय टेकले की भीती संपली, असं नेपाळमध्ये होत नाही. फरक एवढाच की बसमध्ये आपल्याला खिडकीतून खाली बघत डुलकी लागते आणि विमानात लागत नाही.

म्हणून मला वाटतं, "विमान किती लहान?" या प्रश्नाने आपण सगळे चुकीच्या ठिकाणी अडकलोय. विचारायचं ते हे: कुठे, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या किती वाजता, आणि आज उडायचं नाही असं कुणी म्हटलं तर त्याचं ऐकलं जातं का?

वाजण्याचं महत्त्व सांगते, कारण भूगोलाच्या बाई समोर बसल्या आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर दरीय वारे आणि पर्वतीय वारे काढून दाखवले होते, बाण वर आणि बाण खाली. आम्ही ते दोन गुणांसाठी पाठ केलं. जोमसोमला ते बाण अंगावर येतात. एका बाजूला 8,167 मीटरचा धौलागिरी, दुसऱ्या बाजूला 8,091 मीटरचा अन्नपूर्णा, आणि मधून काली गंडकी. आपल्या देवघरातला शाळिग्राम याच नदीतला. सकाळी दरी शांत असते. ऊन चढलं की वरचा उघडा पठारी प्रदेश तापतो, आणि खालची हवा त्या अरुंद दरीतून वर धावत सुटते. सकाळ सरता सरता वारा इतका होतो की उभं राहणं अवघड. म्हणून तिथली विमानं फक्त सकाळी उडतात. उशीर झाला की त्या दिवसाचं विमान रद्द.

आमचंही पहिल्या दिवशी रद्द झालं. काउंटरपाशी एका मोठ्या ग्रुपचा टूर लीडर कर्मचाऱ्यांवर आवाज चढवत होता, "लोकांनी पैसे भरलेत!" आई मला म्हणाली, "अगं, तो नको म्हणतोय तर नको. त्याला कशाला ढकलताय?" आईचं शिक्षण सातवीपर्यंत. विमानसुरक्षेवर मी पुढे जे काही वाचलं त्यात यापेक्षा शहाणं वाक्य मला सापडलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्याच फेरीला आम्हाला जागा मिळाली. सामान तर तोललंच, आम्हालाही काट्यावर उभं केलं. आई लाजली. तिला सांगितलं, इथे वजन लपवणं परवडणारं नाही. आत शिरल्यावर वाकून चालावं लागतं. हवाई सुंदरीने ताटलीतून कापूस आणि गोळ्या आणल्या. आईला वाटलं प्रसाद. कापूस कानात घालायचा, आवाजासाठी. वैमानिक आपल्यासमोर बसलेले दिसतात, त्यांचे हात, काटे, समोरची काच, सगळं. घाबरणाऱ्या माणसाला याने बरं वाटेल की वाईट, हे ज्याचं त्यानं ठरवावं. मला बरं वाटलं, कारण ते दोघं अजिबात घाबरलेले नव्हते. खिंड ओलांडताना दोनतीन हिसके बसले. मग डावीकडे धौलागिरी आला आणि मान वर करून बघावा लागला. विमानात बसून डोंगराकडे मान वर करून बघायचं, हे काही केल्या डोक्यात शिरत नाही. आईने डोळे मिटले नाहीत, मी मिटले होते. उतरल्यावर आई म्हणाली, "आपल्या घाटातली एसटी जास्त वळते."

परत मात्र आम्ही जीपने आलो. आईलाच जीप हवी होती, तिला वाटेत थांबून चहा प्यायचा होता. अख्खा दिवस गेला, हाडं खिळखिळी झाली, आणि तिला त्याची काहीच तक्रार नव्हती.

लुकलाचा व्हिडिओही ग्रुपवर फिरतोय, तेव्हा एक खुलासा. लुकला एव्हरेस्टच्या वाटेवर आहे, आपल्या वाटेवर नाही. तिथली धावपट्टी 527 मीटर आणि चढाची. वरच्या आणि खालच्या टोकात वीस मजली इमारतीएवढा फरक आहे. उतरताना चढावर उतरायचं, निघताना उतारावर पळायचं, आणि समोर डोंगर असल्यामुळे एका टप्प्यानंतर परत फिरता येत नाही. ते बघून जोमसोमबद्दल मत बनवू नका. जोमसोमचं आव्हान वाऱ्याचं आणि ढगांचं आहे, आणि ते घड्याळ व कॅलेंडर पाहून बरंच टाळता येतं.

आता आपल्या सहलीचं. माझं म्हणणं मी स्पष्ट सांगते, पटलं नाही तर जेवताना भांडा. दिवाळीनंतर जाऊ, पावसाळ्यात अजिबात नाही. जोमसोमचं तिकीट पहिल्या फेरीचंच काढायचं. पोखऱ्यात एक दिवस मोकळा ठेवायचा, आणि मुक्तिनाथहून परतल्यावर लगेच दुसऱ्या दिवशी मुंबईचं विमान ठेवायचं नाही. घाई असली की आपणच टूर लीडर होतो आणि काउंटरवर आवाज चढवतो. रद्द झालं तर त्याला नशीब समजायचं आणि फेवा तलावावर जाऊन बसायचं.

ज्यांना विमान नको त्यांची वेगळी जीप. आधीच ठरवलेली, दिवसाउजेडी जाणारी, आणि ड्रायव्हरला घाई न करणारी. एक दिवस आधी निघा, वाटेत मुक्काम करा. हे कमीपणाचं नाही आणि त्यावर ग्रुपवर स्टिकर टाकायचे नाहीत. जो माणूस सगळ्यांसमोर नाही म्हणाला, त्याला मी जीपची पुढची सीट देणार आहे.

आणि एक गोष्ट कुणीच विचारली नाही. पोखरा आठशे मीटरवर आहे, मुक्तिनाथ 3,700 च्या वर. विमानाने गेलात तर हे अंतर एका सकाळीत कापाल, आणि मंदिराच्या पायऱ्यांवर दम लागेल तो भीतीने नसेल. रक्तदाब, दमा असणाऱ्यांनी जायच्या आधी आपल्या बॅचच्या डॉक्टरिणीला गाठा, ती तिसऱ्या रांगेत बसली आहे आणि आज फी घेणार नाही असं तिने कबूल केलंय.

शेवटचं, आधार कार्ड घेऊन निघू नका. नेपाळला विमानाने जायला आपल्या वयाच्या माणसाला पासपोर्ट लागतो, नाहीतर मतदार ओळखपत्र. चहाच्या वेळी मी दाराशी वही घेऊन उभी आहे. दोन रकाने केलेत, विमान आणि जीप. पेन बांधून ठेवलंय, गेल्या वेळचं कुणीतरी नेलं होतं.