औषध गांठींत कसें सांचतें?



मुंबईच्या उपनगरांत राहणाऱ्यांस अंधेरीच्या रेल्वेखालील भुयारी रस्त्याची ओळख करून द्यावयास नको. आषाढांतील एक मोठी सर आली कीं तेथें चोहोंकडून पाणी उतरतें, आणि नाल्याला तें वाहून नेतां येत नाहीं म्हणून सांचून राहतें. येणें सुलभ व जाणें दुर्घट झालें कीं संचय होतो. हाच न्याय आज मी एका निराळ्या विषयास लावणार आहें. कर्करोगाच्या घट्ट गांठींत, म्हणजे अर्बुदांत, औषध कसें पोंचतें व कसें टिकतें, हा तो विषय.

प्रथम अडचण पाहूं. कर्करोगावरील पुष्कळ औषधें विषारी असून त्यांचे रेणु लहान असतात. शिरेंतून टोंचतांच तीं सर्व शरीरभर पसरतात आणि गांठीबरोबरच केसांच्या मुळांस व अस्थिमज्जेसही झोडपतात. डॉक्सोरुबिसिन नांवाचें तांबडें औषध अनेक कर्करोगांवर गुणकारी आहे; परंतु त्याची एकूण मात्रा मर्यादेपलीकडे गेली तर हृदयाचा स्नायु दुबळा होण्याचें भय असतें. शत्रूस मारावें तर घरचा आधारस्तंभच हलतो, अशी ही स्थिति आहे.

१९८६ सालीं जपानांतील कुमामोतो येथील यासुहिरो मात्सुमुरा व हिरोशी माएदा यांनीं एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला. अर्बुद झालेल्या उंदरांच्या रक्तांत त्यांनीं इव्हान्स ब्ल्यू हा निळा रंग सोडला. हा रंग रक्तांतील अल्ब्युमिन या प्रथिनास चिकटतो, आणि अल्ब्युमिनचा रेणुभार सुमारें ६६ हजार आहे. निरोगी भागांच्या मानानें अर्बुदांत हा रंग अधिक सांचला व दीर्घकाळ टिकला.

याचें कारण दुहेरी आहे. अर्बुद घाईनें वाढतें व त्याच्या रक्तवाहिन्याही घाईनें बांधल्या जातात. त्यांच्या भिंतींत कित्येकदां शेंकडों नॅनोमीटर रुंदीच्या फटी राहतात. निरोगी भिंतींतून न जाणारा मोठा रेणु तेथून बाहेर झिरपतो. दुसरें असें कीं, झिरपलेला द्रव परत नेणाऱ्या लसीकावाहिन्या, म्हणजे शरीराचे नाले, अर्बुदांत नीट काम करीत नाहींत. लहान रेणु आंत शिरला तरी तितक्याच सहज रक्तांत परततो. मोठा रेणु मात्र अडकून पडतो. शिवाय मूत्रपिंडें त्यास गाळून टाकीत नसल्यामुळें तो रक्तांत फिरत राहतो व त्याच फुटक्या दारावरून पुनःपुन्हां जातो.

याच तत्त्वावर औषधास मोठें वाहन देण्यांत आलें. डॉक्सोरुबिसिन स्निग्ध पदार्थाच्या, सुमारें १०० नॅनोमीटर व्यासाच्या कुप्यांत कोंडून तयार केलेल्या औषधास १९९५ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळाली. या कुप्यांस लायपोसोम म्हणतात. पुढें २०१२ सालीं अमेरिकेंत त्या औषधाची टंचाई झाली, तेव्हां तेथील सरकारनें सन फार्मा या भारतीय कंपनीचें ‘लिपोडॉक्स’ तात्पुरतें आयात करूं दिलें, व २०१३ सालीं या कंपनीच्या लायपोसोमी डॉक्सोरुबिसिनला रीतसर मान्यताही दिली. या कंपनीची मुंबईंतील मुख्य कचेरी त्या काळीं अंधेरीस होती. आज ती गोरेगांवास आहे. आपल्या उपनगरांचा या कथेशीं असा संबंध आहे.

परंतु येथें थांबल्यास मी आपली दिशाभूल केली असें होईल. ज्या तुंबलेल्या नाल्यामुळें औषध सांचतें, त्याच्याचमुळें अर्बुदाच्या आंतील दाबही वाढतो, आणि तो नव्या औषधास आंतल्या गाभ्यापर्यंत जाऊं देत नाहीं. उंदराची गांठ झपाट्यानें वाढते, माणसाची बहुधा मंद. म्हणून माणसांत हा परिणाम गांठीगणिक बदलतो. २००१ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत रुग्णांस किरणोत्सर्गी खूण केलेले लायपोसोम टोंचले होते. टोंचलेल्या मात्रेपैकीं अवघे ०.५ ते ३.५ टक्के अर्बुदांत सांपडले. वजनाच्या मानानें डोकें व मान यांच्या अर्बुदांत अधिक, स्तनाच्या अर्बुदांत कमी. २०२० सालीं तर टोरांटोच्या संशोधकांनीं असें दाखविलें कीं, त्यांनीं तपासलेल्या अर्बुदांत बहुतेक सूक्ष्मकण फटींतून न जातां भिंतीच्या पेशींमधून ओढले गेले. म्हणजे मूळ उपपत्तीही आज पुन्हां तपासली जात आहे.

मग लाभ कोणता? पसरलेल्या स्तनकर्करोगाच्या रुग्णांची एक मोठी तुलना २००४ सालीं प्रसिद्ध झाली. साधें डॉक्सोरुबिसिन व कुपींतलें डॉक्सोरुबिसिन यांचा रोगावरील परिणाम जवळजवळ सारखा ठरला. पण कुपींतल्या औषधानें हृदयास होणारी इजा पुष्कळ कमी झाली. तळहात व तळपाय लाल होऊन सोलणें हा त्रास मात्र त्यानें वाढला. आयुष्य वाढलें नाहीं, तरी हृदय राखलें गेलें. हा लाभ लहान नव्हे.

बोरिवलीहून वा मुलुंडहून सकाळची गाडी पकडून परळच्या, १९४१ सालीं सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे जाणारीं कुटुंबें आपल्या शेजारींच असतात. त्यांस कोणी सांगेल कीं अमुक महाग औषध थेट गांठींतच जातें. त्यांनीं डॉक्टरांस शांतपणें विचारावें: आमच्या रुग्णास यापासून नेमका कोणता लाभ? रोग अधिक हटेल, कीं हृदय वांचेल? यांतील भेद ज्यास कळला, तो खोट्या आशेनें फसणार नाहीं व खरी आशाही सोडणार नाहीं.