सरपण तिचे, निर्णय कोणाचा?

(आदिवासी पाड्यांवर काम करणाऱ्या सेवक-सेविकांच्या शिबिरात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



घरातले इंधन आणि स्त्री, असा विषय मला दिला आहे. पवित्र शास्त्रात हा विषय कुठे आहे, असे कोणी विचारील. १ राजे, अध्याय १७ उघडा. एलीया संदेष्टा सारफथच्या वेशीशी येतो, तेव्हा ती विधवा काय करीत असते? सरपण वेचीत असते. या उताऱ्यावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले. पीठ आणि तेल सरले नाही, हे सगळ्यांच्या लक्षात असते. तिच्या हातातल्या काटक्या मात्र कोणाच्या लक्षात राहत नाहीत. घरात मूठभर पीठ होते, थोडे तेल होते. पण विस्तव नाही तर भाकर नाही. त्या दुष्काळातही विस्तवाची सोय करायला तीच बाहेर पडली होती.

आपल्या जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवर आजही पुष्कळ घरांत हेच चालते. पावसाळ्याचे चार महिने पुरेल इतके सरपण मे संपायच्या आत रचून व्हावे लागते. पहाटे निघायचे आणि ऊन चढायच्या आत डोक्यावर मोळी घेऊन परतायचे. या कामाला आपण कष्ट म्हणतो, आणि ते आहेतच. पण त्यात ज्ञानही आहे. धावड्याचा, खैराचा निखारा टिकतो. सावर आणि पांगारा बघता बघता जळून जातात. देशावरच्या बायका गोवऱ्या थापतात, वऱ्हाड-खानदेशात पऱ्हाट्या आणि तुरकाट्या जाळतात. आपल्याकडे शेण आणि पालापाचोळा राबाला लागतो, म्हणून सगळा भार लाकडावर. हा हिशेब बाईच्या डोक्यात असतो. माती आणून, मळून चूलही तीच घालते. त्या चुलीवर नुसता स्वयंपाक होत नाही. थंडीत पोरे तिच्याभोवती बसतात, वर टांगलेल्या बियाण्याला धुरामुळे कीड लागत नाही, पावसात ओले कपडे तिथेच वाळतात.

म्हणजे इंधन आणणारी ती, पारखणारी ती, जाळणारी ती आणि धूर गिळणारीही तीच. मग इंधनाबद्दलचे निर्णय कोणी घेतले?

१८७८ च्या जंगल कायद्याने जंगले राखीव झाली. जी मोळी काल घरची होती, ती गुन्ह्याची वस्तू झाली. पुढे मुंबईच्या घरांत शेगड्या पेटत होत्या, आणि त्यांना लागणाऱ्या कोळशाच्या भट्ट्यांवर आपली कातकरी कुटुंबे राबत होती. निखारा शहरात गेला, धूर इथे राहिला. यातले काहीही बाईला विचारून झाले नाही.

तिच्याकडे लक्ष देणारी माणसेही होती. वर्ध्याच्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा हे ख्रिस्ती अर्थतज्ज्ञ अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे काम पाहत होते. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या या संघाच्या कामातून बिनधुराची मगन चूल आली आणि रॉकेलऐवजी वनस्पती तेलावर जळणारा मगन दीपही आला. गरिबाच्या स्वयंपाकघराचा प्रश्न हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे, हे या कामामागचे भान होते. आपल्यासारख्या सेवकांनी त्यांचे नाव विसरू नये.

नंतर १९८० च्या दशकात सरकारचा सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम आला. २००२ पर्यंत देशभर तीन कोटींहून अधिक चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या पुष्कळ बंद पडल्या. धुराडे फुटले तर दुरुस्तीला कोणी येत नसे. चुलीच्या तोंडावर घरातले मोठे भांडे बसत नसे. चुली किती बसल्या ते मोजले गेले. ज्या घरात त्या बसल्या, तिथल्या बाईला काय हवे होते, ते फार थोड्यांनी विचारले.

१ मे २०१६ रोजी उज्ज्वला योजना सुरू झाली. गॅसची जोडणी बाईच्या नावाने, ही मोठी गोष्ट होती, आणि तिचे स्वागतच केले पाहिजे. ८ कोटींवी जोडणी सप्टेंबर २०१९ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, तेव्हाच्या औरंगाबादेत दिली गेली. पण पहिल्या काही वर्षांत उज्ज्वलाच्या घरांतून सिलिंडर भरून नेण्याचे प्रमाण वर्षाला सरासरी तीन-चारच राहिले.

पाड्यांवर मी हे जवळून पाहते. सकाळचा चहा गॅसवर, पाहुणा आला तर गॅस, लेकरू आजारी असले तर गॅस. भाकरी मात्र चुलीवर. लोक म्हणतात, यांना चुलीचीच सवय. मला बायका वेगळे सांगतात. सिलिंडरला रोख पैसे लागतात आणि रोख तिच्या हातात नसते. लाकूड फुकट वाटते, कारण ते आणायला लागणारे तिचे तास घरात कोणी मोजत नाही. शिवाय दिवाळीनंतर कुटुंब वीटभट्टीवर जाते, आणि सिलिंडर कुलूपबंद घरात पडून राहते.

बांगलादेशात झालेल्या एका अभ्यासाने हेच दाखवले. सुधारित चुली फुकट देऊ केल्या, तेव्हा आरोग्याला बरी अशी चूल बायकांनी पुरुषांपेक्षा अधिक पसंत केली. थोडी जरी किंमत लावली, तरी ती पसंती प्रत्यक्षात उतरेना, कारण खर्चाचा निर्णय नवऱ्याचा. नाव बाईचे आणि बटवा दुसऱ्याचा असेल, तर निवड तिची झाली असे कसे म्हणायचे?

म्हणून तुम्हांला तीन विनंत्या करते.

पहिली, कोणतीही योजना किंवा देणगीतून आलेली वस्तू पाड्यावर नेण्याआधी चुलीपाशी बसा आणि विचारा. कोणते भांडे वापरता, किती माणसांचे शिजते, भट्टीवर गेल्यावर काय करता? उज्ज्वलात ५ किलोचा लहान सिलिंडरही घेता येतो. एकदम मोठी रक्कम उभी करू न शकणाऱ्या घराला तो सोयीचा पडतो. बचत गटात सिलिंडरसाठी दर आठवड्याला थोडे पैसे बाजूला ठेवता येतील.

दुसरी विनंती पुरुषांना, विशेषतः मंडळीच्या वडिलांना. घरखर्चात इंधनाचा वाटा पहिल्यांदा काढा. आणि मोळी आणायला तुम्हीही जा. दोन खेपा केल्या की सिलिंडर महाग का स्वस्त, हे कोणाला समजावून सांगावे लागणार नाही.

तिसरी, ग्रामसभेत बायकांना बोलते करा. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर आपला हक्क मान्य केला आहे. वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश सदस्य स्त्रिया असाव्या लागतात. जंगलाचा कोणता भाग राखायचा, सरपणासाठी कोणती झाडे लावायची, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक आहे? सह्या घेण्यापुरते त्यांना बोलावू नका.

शेवटी योहानाच्या शुभवर्तमानाचा एकविसावा अध्याय आठवा. पुनरुत्थित प्रभू तिबिर्याच्या समुद्रकाठी शिष्यांची वाट पाहत आहे. रात्रभर राबून थकलेली माणसे किनाऱ्याला येतात, तेव्हा कोळशाचा विस्तव तयार आहे, मासळी भाजली जात आहे, भाकर आहे. मरणावर जय मिळवलेल्या प्रभूने स्वतः विस्तव पेटवला आणि न्याहारी वाढली. ज्या कामाची आपल्या घरांत कोणी गणती करीत नाही, ते काम प्रभूने आपल्या हातांनी केले. मग त्याच्या सेवकांना चुलीपाशी बसायला कमीपणा का वाटावा?

या वर्षी घरभेटीला जाल, तेव्हा ओसरीवरून प्रार्थना करून परतू नका. परवानगी घेऊन आत जा, चुलीशेजारी बसा आणि आधी तिचे ऐका. प्रभू तुमची सेवा आशीर्वादित करो. आमेन.