पडलेल्या माडाचं मोल



ही परिषद देवबागला भरली, याचा मला विशेष आनंद आहे. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर माडांखाली वसलेलं हे गाव. समुद्र किनारा खात येतो आणि काठचे माड आडवे होतात. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने इथे काय केलं, ते तुम्ही डोळ्यांनी पाहिलंत. पडलेल्या माडाचे थोडे वासे निघतात, एखाद्या व्हाळावर साकव होतो. बाकीचं खोड चुलीत जातं नाहीतर जागीच कुजतं. दोन-तीन पिढ्यांना नारळ दिलेल्या झाडाचा असा शेवट मला पटत नाही. म्हणून विद्यापीठ आणि लाकूड उद्योग यांच्या सहकार्याविषयी बोलताना मी मुख्यतः या एका खोडाविषयी बोलणार आहे.

साग आतून पक्का असतो, माड बाहेरून. माडाला वर्षवलयं नाहीत. सालीलगतच्या लाकडाची घनता घनमीटरला ६०० किलोच्या वर जाते, तर मध्यभागी ती ४०० च्याही खाली उतरते. आपल्या मेस्त्रींना हे हाताने कळतं. वासा काढताना ते मधला भुसभुशीत भाग टाकून देतात. पण जिन्याची पायरी किंवा टेबल करायचं, तर प्रत्येक फळी प्रतीनुसार वेगळी काढावी लागते. ओल्या खोडात पाणी आणि साखर भरपूर, त्यामुळे चिरल्यावर बुरशी लगेच चढते. फळ्या वेळ न घालवता बोरिक आम्ल आणि बोरॅक्सच्या द्रावणात बुडवाव्या लागतात. शिवाय साधं करवतीचं पातं या लाकडावर चटकन बोथट होतं. टंगस्टन कार्बाइडचे दात लागतात.

फिलिपिन्समध्ये झांबोआंगाच्या नारळ संशोधन केंद्राने हे सगळं न्यूझीलंडच्या मदतीने पूर्वीच तपासलं. केरळात पीचीच्या वन संशोधन संस्थेनेही त्यावर काम केलं. रबराच्या लाकडाची गोष्टही अशीच आहे. एकेकाळी ते जळणाला आणि खोक्यांना जाई. तोडल्याबरोबर प्रक्रिया करून वाळवण्याची रीत बसली आणि मलेशियाने त्यावर फर्निचरच्या निर्यातीचा मोठा धंदा उभा केला. आपल्या दोडामार्गातही रबराच्या बागा आहेत. ती झाडं चीक देईनाशी होतील, तेव्हा आपण तयार असायला हवं.

माणसं आणि संस्था आपल्याकडे आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं वनशास्त्र महाविद्यालय आहे. त्याच विद्यापीठाचं भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्र १९५५ पासूनचं. मालवणात शासकीय तंत्रनिकेतन आहे, बंगळूरला लाकडाच्या विज्ञानाची राष्ट्रीय संस्था आहे. कुडाळच्या कॉनबॅक या संस्थेने २००४ पासून बांबूत जे केलं, ते तर आपल्या घरचंच उदाहरण. तिथे माणगा बांबूच्या काठीला कारागीर, रचनाकार आणि बाजार एकत्र मिळाले.

तरीही बहुतेक सहकार्य सामंजस्य कराराच्या सहीवर थांबतं. दोन दिवसांचं शिबिर होतं, प्रमाणपत्रं दिली जातात आणि दुसऱ्या दिवशी कारखान्यात पूर्वीचाच ओला माल रंध्याखाली येतो. याचं मला दुःख आहे, कारण आपल्या धंद्याचं सगळ्यात मोठं नुकसान या ओलेपणाने होतं. किनाऱ्याच्या दमट हवेत जुळवलेलं कपाट घाटावरच्या कोरड्या उन्हाळ्यात आकसतं, सांधे उघडतात, फळी तडकते. गिऱ्हाईक दोष देतं मेस्त्रीच्या हाताला. खरा दोष न वाळलेल्या लाकडाचा असतो. ओलावा मोजायचं छोटं यंत्रसुद्धा आपल्या फार थोड्या कारखान्यांत आहे.

माझा प्रस्ताव साधा आहे. मालवण परिसरात लाकूड वाळवायला एक सामायिक सौर भट्टी उभारावी. जागा आणि माल आपण द्यावा, आखणी आणि मोजमाप तंत्रनिकेतनाच्या आणि दापोलीच्या विद्यार्थ्यांनी करावं. वादळात आणि धुपीत पडलेले माड पहिल्या वर्षी घ्यावेत, उभ्या झाडाला हात लावू नये. बागायतदाराला खोडाचा दर आधी ठरवून द्यावा. विद्यार्थ्यांना सांधे शिकवणाऱ्या मेस्त्रीला शिकवण्याचं मानधन मिळावं आणि अहवालात त्याचं नाव संशोधकांच्या बरोबरीने यावं. या अटीवर मी अडून बसणार आहे.

पहिली टेबलं देवबाग-तारकर्लीतल्या पर्यटकांच्या खोल्यांत एक पावसाळा ठेवावीत आणि तशीच काही पुण्याला उन्हाळाभर. दोन्हीकडची मापं पुढच्या परिषदेत याच व्यासपीठावरून वाचली जावीत. जी टेबलं तडकतील, तीही इथे आणून मांडावीत. आज सायंकाळच्या खुल्या सत्रात हा प्रस्ताव मतासाठी येईल. गिरणीवाल्यांनी भट्टीतल्या आपल्या वाट्याचा आकडा तेव्हाच सांगावा, ही विनंती.