थोड्या पैशांतला भयपट



‘तू परदेशात सिनेमा केलास, त्याबद्दल बोल,’ असं संयोजकांनी सांगितलं. परदेशातलं शूटिंग म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे बर्फातली शिफॉनची साडी येत असेल. आमच्या वाट्याला वेल्समधला नोव्हेंबर, चिखल आणि नऊ माणसांचं युनिट आलं. मी ध्वनिमुद्रक.

भयपटच का? त्याला मोठा नट लागत नाही, आणि जे दाखवायला पैसे नाहीत ते अंधारात लपवता येतं. वाट जुनीच आहे. १९६२ मध्ये २३ वर्षांच्या फ्रान्सिस फोर्ड कपोलाने आयर्लंडमध्ये ‘डिमेन्शिया १३’चं चित्रीकरण केलं, तेही निर्माते रॉजर कॉर्मन यांच्या आधीच्या चित्रपटातून उरलेल्या पैशांच्या आधारावर. पुढे त्यानेच ‘द गॉडफादर’ केला.

आम्हाला तिथे फुकट मिळाली ती रात्र. नोव्हेंबरअखेर सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. जूनमध्ये गेलो असतो तर रात्री दहापर्यंत अंधाराची वाट पाहावी लागली असती. बाकी सगळ्याला पैसे पडले: जनरेटर, विमा, जागेचं भाडं.

अकराव्या रात्री नायिका तळ्यात उतरते तो प्रसंग होता. दोन टेक झाले. तिसऱ्याची तयारी चालली असताना काठावर बसलेल्या तिचं कुडकुडणं थांबलं. दिग्दर्शकाला वाटलं, सवय झाली. पण माझ्या हेडफोनमध्ये तिचे शब्द जड, अडखळत येत होते. नववीत मनालीच्या ट्रेकला नेताना आपल्या सरांनी बजावलं होतं, ‘कुडकुडणारा मुलगा एकदम गप्प झाला तर आधी मला हाक मारा.’ मी शूटिंग थांबवायला सांगितलं. निर्माता म्हणाला, ‘उद्या जनरेटर नाही.’ मी म्हटलं, ‘मग उरलेलं आवाजावर करू.’

ओले कपडे बदलून, ब्लँकेटात गुंडाळून तिला गाडीत आडवं केलं, अँब्युलन्स बोलावली. पहाटेपर्यंत ती सावरली.

तिसरा टेक झालाच नाही. पडद्यावर त्या जागी नुसतं काळं पाणी आहे आणि तिचा श्वास. तो मी तीन दिवसांनी हीटरशेजारी, तिच्या हातात चहाचा कप देऊन रेकॉर्ड केला. प्रेक्षक सगळ्यात जास्त तिथेच घाबरतात.

सर आज पहिल्या रांगेत बसले आहेत. सर, सिनेमाच्या श्रेयनामावलीत तुमचं नाव नाही, म्हणून इथे सांगितलं.