मरळीला जिवंत मासोळीच लागते का?



शेततळे झाले, बोडीतही पाणी आहे, आता रोहू-कतलाऐवजी मरळ पाळू का, असे विचारणारे शेतकरी अलीकडे वाढले आहेत. विचारण्याला कारणही आहे. मरळीला काटे कमी, चव चांगली, आणि ती ओल्या गोणपाटातही कितीतरी वेळ तगून राहते, कारण ती पाण्याबाहेर तोंड काढून हवा घेणारी मासोळी आहे. म्हणून नागपूरच्या बाजारात ती जिवंत विकली जाते आणि भावही रोहूपेक्षा चढा मिळतो. पण विचारणारा लगेच पुढचा प्रश्न टाकतो : "साहेब, ती तर शिकारी जात. रोज जिवंत मासोळी आणायची कुठून?" आज याच प्रश्नावर बोलू.

पहिली गोष्ट, मरळ जिवंतच का धरते ते समजून घ्या. तिला चवीपेक्षा हालचाल अगोदर कळते. डोळ्याने तर ती बघतेच, शिवाय अंगाच्या दोन्ही बाजूंना एक रेघ असते, त्या रेघेने पाण्याचा हलकासा हेलावाही तिला समजतो. पाणी हलले की झडप. तळाशी निपचित पडलेला घास तिच्या लेखी अन्नच नाही. म्हणजे अडचण "जिवंत" असण्याची नाही, "हलण्या"ची आहे. हे एकदा ध्यानात आले की पुढचे काम सोपे होते.

आता हिशेब करू. समजा शंभर मरळी अर्धा-अर्धा किलोच्या करायच्या आहेत. म्हणजे पन्नास किलो माल. नुसत्या बारीक मासोळीवर वाढवल्या, तर एक किलो मरळीला चार-पाच किलो मासोळी लागते, कारण मासोळीच्या अंगात तीन हिस्से पाणीच असते. म्हणजे झाली दोनशे ते अडीचशे किलो! चांगले तरंगते गोळीखाद्य दिले तर दीड किलोला एक किलो धरा, पंच्याहत्तर किलोत भागते. गोळीचा भाव बघून दचकू नका. दोन्हीकडची बेरीज मांडा आणि मगच ठरवा.

कोणी म्हणेल, मासोळी विकत कशाला घेता, मामा तलावातून काढून आणू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडे असे तलाव पुष्कळ आहेत. पण बंधूंनो, त्या तलावातली बारीक मासोळी आणि झिंगे हे ढिवरांच्या आणि गरिबाच्या घरचे कोरड्यास आहे. बारीक जाळ्यात रोहू-कतलाची पिल्लेही येतात, म्हणजे पुढच्या वर्षीची मासोळी आज मरळीच्या पोटात जाते. कंबोडिया देशात हेच झाले. तिथल्या मोठ्या सरोवरातली बारीक मासोळी मरळपालनाकडे जाऊ लागली, तेव्हा तिथल्या सरकारने २००५ मध्ये मरळपालनावरच बंदी घातली. ती उठली २०१६ मध्ये, आणि तोपर्यंत गोळीखाद्यावर मरळ वाढवण्याची रीत तयार झालेली होती. आपण त्या वाटेने जायलाच नको.

जिवंत मासोळीचा दुसरा धोका रोगाचा. १९८८ मध्ये आपल्या देशात मासोळ्यांच्या अंगावर लाल जखमा पडण्याचा रोग शिरला, आणि त्यात मरळीला फार मार बसला. हिवाळ्यात पाणी थंड झाले की तो अजूनही डोके काढतो. कुठल्याही डबक्यातली मासोळी आणून तळ्यात सोडणे म्हणजे रोगाला आपण होऊन घरी बोलावणे.

तिसरी गोष्ट लोकांना सहसा माहीत नसते. सायप्रिनस, गोल्डफिश अशा काही मासोळ्यांच्या कच्च्या मांसात एक द्रव्य असते, ते ब-१ जीवनसत्त्व नासवते. रोज तेच दिले तर खाणारी मासोळी अशक्त होते, तोल जाऊन आडवी पोहू लागते. बर्फात ठेवून हे द्रव्य जात नाही, उकडल्याने जाते. नागपुरात हौसेने काचेच्या टाकीत ऑस्कर, अरोवाना पाळणारे लोक आहेत, तेही रोज जिवंत गोल्डफिश टाकतात आणि मासा का लोळतो म्हणून विचारतात. त्यांनाही उत्तर हेच. (आणि टाकीतला मासा मोठा झाला म्हणून अंबाझरी किंवा फुटाळ्यात नेऊन सोडू नये. भोपाळच्या मोठ्या तलावात २०२३ मध्ये अमेरिकेतला मगरतोंड्या गार मासा सापडला, तो काही स्वतःहून चालत आला नव्हता.)

मग मरळीला शिकवायचे कसे? शिकवायचे लहानपणी. नदी-नाल्यातून धरलेली मोठी मरळ गोळीकडे ढुंकूनही बघत नाही, तिच्यामागे वेळ घालवू नका. अंड्यातून निघालेल्या पिल्लांना मात्र सुरुवातीला जिवंत खाद्य हवेच, त्याला पर्याय नाही. वेगळ्या टाक्यात शेण आणि भुईमुगाची ढेप भिजवून पाणी हिरवे करा. त्यात पाणपिसवा होतात. त्या कापडाच्या जाळीने गाळून पिल्लांना घाला. तीन-चार आठवड्यांनी पिल्लू बोटाच्या पेराएवढे झाले की बदल सुरू करा. दोन वाटे उकडून कुटलेली मासोळी, एक वाटा चाळलेला धानाचा कोंडा, यांचा घट्ट गोळा करून जाळीच्या टोपलीत ठेवा. पाणपिसवा त्याच टोपलीजवळ सोडा, म्हणजे पिल्ले तिथे गोळा होतील. दर दोन-तीन दिवसांनी पाणपिसवा कमी करा आणि कुटलेल्या मासोळीत थोडी थोडी गोळीखाद्याची भुकटी मिसळत जा. पंधरा-वीस दिवसांत पिल्ले सरळ गोळीवर येतात.

या काळात तीन पथ्ये पाळा. जागा एकच, वेळ एकच, सकाळी आणि संध्याकाळी. गोळी टाकताना हाताने किंवा काठीने पाणी हलवा, म्हणजे गोळी नाचते आणि पिल्लाला ती शिकार वाटते. आणि दर आठवड्याला पिल्ले निवडा. हे निवडणे फार महत्त्वाचे बरं का! मरळ आपल्याच भावंडाला गिळते. टाक्यात हजार सोडली आणि महिन्याने शंभर उरली, तर ती चोरीला गेली नाहीत, उरलेल्या शंभरांच्या पोटात गेली. मोठी एका टाक्यात, लहान दुसऱ्यात, आणि जी खात नाहीत ती तिसऱ्यात.

एवढा उपद्व्याप ज्याला जमणार नाही त्याने खाद्य शिकवलेले बीज विकत घ्यावे. घेताना आपल्यासमोर गोळी टाकायला लावा. पिल्ले तुटून पडली तरच पैसे मोजा. भुवनेश्वरच्या केंद्रीय गोड्या पाण्यातील मत्स्य संस्थेने मरळीच्या बीजावर काम केले आहे, आणि आपल्या नागपुरातच पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचे मत्स्य विज्ञान महाविद्यालय तेलंगखेडीला आहे. तिथे जाऊन विचारायला संकोच करू नका. पावसाळ्यात नाल्यात लालसर पिल्लांचा थवा दिसला तर तो उचलू नका, त्याखाली आईबाप राखणीला असतात. ते धरले की बाकीची सगळी पिल्ले दुसऱ्यांच्या पोटात जातात.

कोंबडीची आतडी फुकट मिळतात म्हणून कोणी ती टाकतात. कच्ची तर मुळीच नको, पाणी नासते आणि शेजाऱ्याची तक्रार येते. असल्याच घाणीवर वाढवल्या जाणाऱ्या थाई मागूरच्या पालनावर बंदी आहे. मरळपालनाला तसले नाव लागू देऊ नका.

जिवंत खाद्य कुठे चालते? तळ्यात तिलापिया आपोआप शिरला असेल आणि त्याची पिल्ले मावत नसतील, तिथे थोड्या मरळी सोडा, त्या ती खाऊन तळे मोकळे करतात. पण ज्या तळ्यात रोहू-कतलाची बोटुकली आहेत तिथे हा प्रयोग करायचा नाही. त्या तळ्यातून तर आपण मोहाची ढेप टाकून मरळ काढतो.

पूस-माघात नागपूरकडे रात्री पाणी गार होते आणि मरळ जवळजवळ खातच नाही. तेव्हा रोजचे माप टाकू नका, उरलेली गोळी उचलून घ्या. तळ्याभोवती कमरेएवढी जाळी लावा, नाहीतर पहिल्या पावसाच्या रात्री मरळी बांध चढून शेजारच्या बांधीत जातील. आणि विक्रीला न्यायच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेवा, रिकाम्या पोटाची मरळ बाजारापर्यंत चांगली तग धरते.